स्कोअर किती आला?

चंद्रपुरात गेली अठ्ठावीस वर्षं मी कॉम्प्युटर जोडतो, विकतो आणि मुख्यतः दुरुस्त करतो. या काळात गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न दोनदा बदलला. सुरुवातीला लोक विचारायचे, "किती मेगाहर्ट्झचा आहे?" मग बरीच वर्षं, "रॅम किती?" आता नवा प्रश्न आहे, आणि तो गेम खेळणारी पोरं जितकी विचारतात तितकेच टेंडर काढणारे साहेब लोकही विचारतात : "स्कोअर किती आला?"

स्कोअर म्हणजे बेंचमार्कचा आकडा. एक ठरावीक प्रोग्रॅम मशीनवर चालवायचा, त्याला किती वेळ लागला ते पाहायचं आणि त्याचा आकडा करायचा. आकडा मोठा तर मशीन भारी. या आकड्यानं एका उन्हाळ्यात माझी चांगलीच फजिती केली आणि तेव्हापासून मी त्याच्या इतिहासाच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा आणि फजितीचा जमाखर्च.

आधी फजिती. एका कार्यालयाला कॅमेरा ट्रॅपचे फोटो हाताळण्यासाठी वर्कस्टेशन हवं होतं. (कार्यालयाचं नाव सांगत नाही. चूक त्यांची थोडी, माझी जास्त.) ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी : जंगलातल्या पायवाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. समोरून काहीही हललं की कॅमेरा टिपतो. चितळ, रानडुक्कर, गुरं, मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, वाऱ्यानं हलणारं गवत, सगळं. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांतून ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो निघाले. वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटो उलटावेत तेव्हा एकात वाघ. ताडोबा, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यात वाघांची गर्दी असल्यामुळे प्रमाण जरा बरं असेल, पण गवताचे फोटो काही चुकत नाहीत.

तर सोळा कोअरचा प्रोसेसर, चौसष्ट जीबी रॅम, महागडं ग्राफिक्स कार्ड असं मशीन मी जोडलं. टेंडरमध्ये एका प्रसिद्ध बेंचमार्कचा किमान स्कोअर लिहिला होता. दुकानात रात्री एसी लावून मी तो बेंचमार्क चालवला. मागितला होता त्यापेक्षा वरचढ आकडा आला. त्याचा प्रिंट काढून बिलाला जोडला आणि समाधानानं झोपलो.

आठ दिवसांनी फोन आला. "भाऊ, तुमचं मशीन तं रांगून राहिलं ना. साहेब म्हणतेत जुनंच बरं होतं."

मे महिना होता. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा ४६-४७ ला टेकणं ही आमच्याकडे बातमीसुद्धा नसते. कार्यालयातली खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेला स्लॅब, खिडकीत वाळ्याचा कूलर, आणि खिडकीखाली कोळशाचे ट्रक जाणारा रस्ता. मशीनचं झाकण उघडलं तर आठ दिवसांत पंख्यांवर काळ्या धुळीचा थर आलेला.

पुढे काय केलं ते नंतर सांगतो, कारण त्या दिवशी मला पडलेला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. माझा आकडा खोटा नव्हता. माझ्या दुकानात तो खराच आला होता. मग तो या खोलीत का लागू पडू नये?

चंद्रपूरहून रेल्वेनं वर्धा-नागपूरकडे निघालं की भांदक, वरोरा ओलांडून हिंगणघाट येतं. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून ज्या माणसानं हिंदुस्थान मोजायला घेतला, तो हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटात वारला. वय सत्तरीच्या आसपास, मोजणी अर्धीच झालेली. पुढची सूत्रं एव्हरेस्टकडे गेली आणि शिखराला नावही त्याचंच लागलं. लॅम्बटनला हिंगणघाट मिळालं. विदर्भातल्या माणसाला यात थोडा विनोद दिसतो.

लॅम्बटनचं काम त्रिकोणांचं होतं. उंचीची मोजणी देशभर पसरली ती नंतर. 'बेंचमार्क' हा शब्द त्या उंचीच्या मोजणीतला. भक्कम दगडात किंवा पुलाच्या कठड्यात एक आडवी खाच कोरायची. त्या खाचेत लोखंडी कोन बसला की तो झाला 'बेंच', आणि त्यावर मोजणीची पट्टी उभी करायची. त्या खाचेची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा पक्की केली की पुढच्या माणसाला समुद्रापर्यंत जावं लागत नाही. बांधकाम खात्यातले जुने ओव्हरसियर आजही 'बी. एम. कुठं आहे?' असं विचारूनच लेव्हल लावायला घेतात.

आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचा एक धागा सापडला. कोणताही ओव्हरसियर बेंचमार्कची उंची ही आपल्या पुलाची उंची समजत नाही. खाचेपासून आपल्या जागेपर्यंत पट्टी आणि दुर्बीण घेऊन टप्प्याटप्प्यानं चालत यावं लागतं, प्रत्येक टप्प्याचा चढ-उतार वहीत मांडावा लागतो. खाच फक्त सुरुवात करून देते. कॉम्प्युटरवाल्यांनी शब्द उचलला, चालत येण्याचं काम मात्र सोडून दिलं.

तसं पाहिलं तर 'कॉम्प्युटर' हा शब्दसुद्धा त्याच खात्याचा. सर्वेक्षण खात्यात कॉम्प्युटर हे माणसाचं पद होतं. राधानाथ सिकदार १८३१ मध्ये कॉम्प्युटर म्हणूनच नोकरीला लागले, पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले, आणि 'पंधरावं शिखर' सर्वांत उंच असल्याच्या गणितात त्यांचा मोठा हात होता. त्या कॉम्प्युटरांचा स्कोअर कुणी काढला होता की नाही कोण जाणे, पण दोघांनी स्वतंत्रपणे गणित करून उत्तर ताडून पाहायची पद्धत होती. वेगापेक्षा उत्तर जुळणं महत्त्वाचं.

यंत्रं आली तेव्हा वेग मोजणं सुरुवातीला सोपं वाटलं. सेकंदाला किती सूचना पाळतो? पण एका यंत्राची एक सूचना म्हणजे दुसऱ्याच्या तीन, अशी गत. बैलगाडी आणि सायकलची तुलना चाकांच्या फेऱ्या मोजून करण्यासारखं. १९७२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून 'व्हेटस्टोन' नावाचा प्रोग्रॅम तयार झाला. वैज्ञानिक लोक खरोखर जे प्रोग्रॅम चालवतात त्यांत बेरजा किती, गुणाकार किती, साइन-कोसाइन किती याची आधी मोजदाद केली आणि त्याच प्रमाणात मिसळ करून हा नमुना बनवला. व्हेटस्टोन हे लेस्टरशायरमधल्या एका गावाचं नाव. ज्या कम्पायलरवरून ही मोजदाद झाली तो तिथे तयार झाला होता. १९८४ मध्ये राइनहोल्ट वायकर यांनी पूर्णांकांच्या कामासाठी दुसरा नमुना केला आणि 'व्हेट' म्हणजे ओलं या कोटीवर त्याचं नाव ठेवलं 'ड्राय'स्टोन. कॉम्प्युटरवाल्यांचे विनोद साधारण याच जातीचे असतात.

मोजायला खाच लागतेच. ती खाच झाली डिजिटल कंपनीचं व्हॅक्स ११/७८० हे यंत्र. ते सेकंदाला १,७५७ ड्रायस्टोन करायचं, त्याला '१ मिप्स' म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना असं धरलं गेलं. गंमत अशी की ते यंत्र प्रत्यक्षात सेकंदाला साधारण पाच लाखच सूचना पाळायचं. म्हणजे समुद्रसपाटीच चुकीची धरली होती. पण सगळे तिथूनच मोजत असल्यामुळे कुणाचं बिघडलं नाही.

ऐंशीच्या दशकात टेबलावर मावणारी वर्कस्टेशन आली. सन, अपोलो, एचपी आणि मिप्स या चार कंपन्यांच्या जाहिरातींत प्रत्येकाचा आकडा सर्वांत मोठा. शेवटी विकणाऱ्यांनाच त्याचा त्रास व्हायला लागला. १९८८ मध्ये त्यांनी मिळून 'स्पेक' ही संस्था काढली आणि पुढच्या वर्षी दहा खऱ्याखुऱ्या प्रोग्रॅमांचा संच जाहीर केला. बनावट नमुने नकोत, कामाचेच प्रोग्रॅम घ्या, असा विचार. विचार उत्तमच होता. पण दहांमधला एक होता 'मॅट्रिक्स ३००'. तीनशे बाय तीनशेच्या सारण्यांचा गुणाकार. त्याचा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जायचा. कम्पायलर लिहिणाऱ्यांना ते कळलं. त्यांनी तेवढी ओळ ओळखून तिची फिरवाफिरव करणारी युक्ती कम्पायलरमध्ये घातली आणि त्या एका प्रोग्रॅमचा आकडा कित्येक पटींनी वर गेला. यंत्र तेच, बाकीची कामं त्याच वेगानं, सरासरी मात्र फुगलेली. १९९२ च्या संचातून मॅट्रिक्स ३०० ला काढून टाकावं लागलं.

आमच्याकडे दहावीच्या परीक्षेला 'अपेक्षित' नावाचा प्रश्नसंच मिळायचा. तो पाठ करून पास झालेल्या माझ्यासारख्याला कम्पायलरवाल्यांचा राग येत नाही.

आता परमची गोष्ट. ही सांगताना मला जरा जपून बोलावं लागेल, कारण ती आमच्या अभिमानाची आहे. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले, मुरंबा गावचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून १९६५ मध्ये इंजिनिअर झाले. मी कॉम्प्युटरच्या धंद्यात पडलो तेव्हा घरी वडिलांना पटवायला त्यांचंच नाव कामाला आलं होतं.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असते. भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. बऱ्याच घासाघिशीनंतर एकच प्रोसेसर असलेलं 'एक्स-एमपी/१४' मिळालं, तेही हवामानाच्या अंदाजासाठी, आणि दिल्लीत बसलं. अधिक ताकदीचं यंत्र मिळालं नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात ब्रिटिश इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर होते, म्हणजे एकमेकांशी थेट बोलू शकणाऱ्या छोट्या चिप. एकच अवाढव्य प्रोसेसर मिळत नाही ना, मग अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपा, ही त्यामागची कल्पना. पुढे सगळं जग त्याच वाटेनं गेलं. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं 'फ्लोसॉल्व्हर' करून १९८६ मध्येच ही वाट चोखाळली होती, पण ते नाव फारसं कुणी घेत नाही.

यानंतर दोन वाक्यं हमखास येतात. एक : १९९० मध्ये झुरिकच्या प्रदर्शनात परमचा नमुना बेंचमार्कला बसला आणि अमेरिकेखालोखाल भारताचा दुसरा नंबर लागला. दुसरं : परम ८००० हा क्रे एक्स-एमपीच्या अठ्ठावीस पट ताकदवान होता.

पहिल्या वाक्याच्या मूळ रूपात एक शब्दप्रयोग असतो, 'जाहीरपणे दाखवलेल्या यंत्रांत'. मराठीत येताना तो बहुतेकदा गळतो. जपानी कंपन्यांची त्या वेळची यंत्रं आठवली की तो शब्दप्रयोग किती महत्त्वाचा आहे ते कळतं.

दुसऱ्या वाक्याचं मी दुकानात बसून कागदावर गणित केलं. एका टी-८०० ची प्रत्यक्ष क्षमता, घड्याळाच्या वेगानुसार, सेकंदाला पंधरा ते साडेबावीस लाख दशांशी गणितं, म्हणजे दीड ते सव्वादोन मेगाफ्लॉप. चौसष्ट चिपांचे झाले फार तर १४४ मेगाफ्लॉप. दोनशे छप्पन्न चिप घेतल्या आणि कागदावरची शिखरक्षमता धरली तरी जेमतेम १ गिगाफ्लॉप. क्रे एक्स-एमपीचा एक प्रोसेसर शिखराला दोनशे मेगाफ्लॉपच्या वर जायचा. आता अठ्ठावीस पट कशी काढायची ते तुम्हीच सांगा. मी तीनदा मांडून पाहिलं, पाच पटींच्या पलीकडे गेलो नाही. आणि तिथेही शिखराची शिखराशी तुलना आहे, प्रत्यक्ष कामाची नाही.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण परमचं मोठेपण अठ्ठावीस या आकड्यात नव्हतंच. तीन वर्षांत, बाजारात मिळणाऱ्या चिपा घेऊन, शेकडो प्रोसेसरांना एका कामावर लावायचं सॉफ्टवेअर इथल्या तरुण पोरांनी लिहिलं, यंत्र परदेशात विकलं, आणि त्यातून माणसं तयार झाली. आकडा नेमका उलट करतो : तो खोटा ठरला की ऐकणाऱ्याला उरलेलंही खोटं वाटायला लागतं.

शिवाय त्या काळी हा खेळ सगळेच खेळत होते. १९९१ मध्येच, म्हणजे परम उभा राहिला त्याच वर्षी, नासाच्या डेव्हिड बेली यांनी समांतर यंत्रांच्या आकड्यांवरून लोकांना बनवायच्या बारा क्लृप्त्यांवर एक उपरोधिक लेख लिहिला. त्यांचा रोख आपल्यावर नव्हता, अमेरिकी मंडळींवरच होता.

मोठ्या यंत्रांची परीक्षा ठरली ती 'लिनपॅक'. तिचा जन्म गमतीदार आहे. १९७९ मध्ये जॅक डोंगारा आणि सहकाऱ्यांनी समीकरणं सोडवणाऱ्या लिनपॅक सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका लिहिली. वापरणाऱ्याला आपलं गणित किती वेळात सुटेल याचा अंदाज यावा म्हणून शेवटी परिशिष्टात २३ यंत्रांवरचे वेळ दिले. त्या परिशिष्टाची यादी वाढत गेली आणि १९९३ पासून वर्षातून दोनदा जगातल्या पाचशे यंत्रांची क्रमवारी लागायला लागली. परिशिष्ट मूळ पुस्तकापेक्षा मोठं झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

या यादीत नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचं 'एका' चौथं आलं. टाटांच्या कंपनीचं यंत्र, ११७.९ टेराफ्लॉप, आशियात पहिलं. दुकानात त्या दिवशी मी पेढे वाटले होते, खोटं कशाला बोलू. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत एकाचा आकडा वाढून १३२.८ झाला आणि नंबर तेरावा. यंत्र सुधारलं आणि तरी खाली गेलं. ते कोणत्या कामाला आलं, याची बातमी मात्र पेढे वाटण्याजोगी कधी छापून आली नाही.

लिनपॅक भरगच्च समीकरणांचं गणित आहे. त्यात प्रोसेसरला सतत काम मिळतं, आकड्यांची वाट पाहावी लागत नाही. खरं काम तसं नसतं. म्हणून डोंगारा यांनीच पुढे एचपीसीजी नावाची दुसरी परीक्षा आणली, जिच्यात आकडे विखुरलेले असतात आणि बहुतेक वेळ ते आणण्यातच जातो. जपानच्या फुगाकू यंत्राला लिनपॅकमध्ये ४४२ पेटाफ्लॉप मिळाले आणि या दुसऱ्या परीक्षेत १६. शंभरात साडेतीन-चार मार्क. त्या वेळी त्या परीक्षेतही पहिला नंबर त्याचाच होता, हे विशेष.

हा आकडा वाचला तेव्हा मला ती वरच्या मजल्यावरची खोली आठवली.

तिथे दोन वेगळे घोटाळे होते. सकाळचं काम म्हणजे कार्डांवरचे फोटो उतरवणं, नावं देणं, तारखेनुसार लावणं. लाखो लहान लहान फायली, यूएसबीवर लटकवलेल्या फिरत्या हार्ड डिस्कवर, आणि प्रत्येक फाइल उघडून तपासणारा अँटिव्हायरस. सोळा कोअरपैकी चौदा नुसते बसून होते. माझ्या बेंचमार्कनं डिस्कला हातही लावला नव्हता. रात्रीचं काम म्हणजे फोटोंतून प्राणी वेगळे काढणारं सॉफ्टवेअर. ते प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पिळून काढतं, तेही दहा मिनिटं नव्हे, दहा तास. दुकानातल्या चोवीस अंशांत चिप ऐंशीच्या आत राहिली होती. इथे खोलीच चाळीसच्या वर, वरून धुळीची गोधडी. चिप शंभराला पोचायची, स्वतःला वाचवायला वेग पाडायची, आणि पहाटेच्या आत एकदा-दोनदा बंदच पडायची. बंद पडली की सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू. साहेब म्हणत होते ते बरोबर होतं. जुनं मशीन धीमं होतं, पण सकाळपर्यंत काम पुरं करत होतं.

त्याच आठवड्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या एका बाईला वाघानं मारलं होतं. असं झालं की पहिला प्रश्न 'कोणता वाघ?' हा असतो. उत्तर मिळेपर्यंत गावातलं कुणी जंगलात जात नाही, आणि तेंदूचा हंगाम तर पंधरा-वीस दिवसांचाच. २०२२ मध्ये वडशाकडे पकडलेल्या सीटी-१ या वाघाचं उदाहरण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वनविभागाच्या हिशेबानं त्यानं वडसा भागात सहा, भंडाऱ्यात चार आणि ब्रह्मपुरीत तीन, असे तेरा जीव घेतले. तीन ठिकाणचे फोटो एकाच वाघाचे आहेत हे ठरवायला पट्टे जुळवावेच लागतात. चुकीचा वाघ पकडला तर तो पिंजऱ्यात जातो आणि खरा मोकळा राहतो.

त्या रात्री मी तिथेच थांबलो. ग्राफिक्स कार्डचा पंखा ब्रशनं साफ करत असताना एक वनरक्षक बाजूच्या जुन्या मशीनवर त्या दिवशी आलेल्या कार्डांतले फोटो एकेक करून पाहत होता. दोनच्या सुमाराला तो म्हणाला, "हा तोच आहे जी. याच्या मांडीवरचा हा पट्टा पाहा, फाटा फुटला ना." माझं सोळा कोअरचं मशीन तेव्हा उघडं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरनं तेच उत्तर दिलं. म्हणजे राधानाथ सिकदारांच्या काळासारखं दोघांनी स्वतंत्रपणे काढलेलं उत्तर जुळलं, असं मी स्वतःचं समाधान करून घेतलं.

दुरुस्ती अगदीच गावठी होती. मशीन तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूच्या रेकॉर्ड रूममध्ये हलवलं. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली. फोटोंचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळला. हवा आत येते तिथे जाळी लावली आणि दर सोमवारी ती धुवायचं काम शिपायाला नेमून दिलं. आणि प्रोसेसर-कार्डाला मिळणारी वीज मुद्दाम कमी केली. यानं बेंचमार्कचा आकडा दहाएक टक्क्यांनी उतरला. टेंडरमधल्या किमान आकड्याच्याही खाली गेला! पण मशीन रात्रभर बंद पडेनासं झालं आणि सकाळी आठला काम तयार. मात्र पुढे तपासणीला आलेल्या माणसानं तोच बेंचमार्क चालवला आणि 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा मारला. तो शेरा पुसून घ्यायला मला चार महिने आणि सात चकरा लागल्या.

खाली उतरवलेल्या विजेवरून आठवलं : चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, आणि इथली वीज पाचशे किलोव्होल्टच्या लाइनवरून साडेसातशे किलोमीटर पार पडघ्यापर्यंत जाते. पश्चिमेकडच्या थंडगार डेटा सेंटरांतल्या स्कोअरांमध्ये आमच्या कोळशाचा वाटा असणारच. धूळ इथे राहते.

मोठ्या यंत्रांशी भांडण नाही, हे मात्र नोंदवायला हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आलं, २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचं 'अर्का'. मी तो आकडा वाचून सोडून दिला. पण मे २०२५ मध्ये त्यावर आधारलेली अंदाजाची नवी प्रणाली जाहीर झाली, तिच्यात बारा किलोमीटरची चौकट सहावर आली होती, आणि तिथे मी थांबलो. चौकट निम्मी केली की त्याच नकाशावर चौपट चौकटी बसतात, शिवाय वेळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे गणित साधारण आठ पट. ते आठ पट कशाला, हे भामरागडला जाऊन आलेल्याला सांगावं लागत नाही. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा तिथे एकत्र येतात. वर छत्तीसगडात पाऊस झाला की पर्लकोटाच्या पुलावर पाणी चढतं आणि तालुका तुटतो. बाळंतपणाच्या बाईला आज हलवायचं की उद्या, हे तिथला आरोग्यसेवक आभाळाकडे पाहून ठरवतो. बारा किलोमीटरच्या एका चौकटीत नदीचा अलीकडचा आणि पलीकडचा पाऊस एकच धरला जातो.

या प्रणालीचा भामरागडपुरता हिशेब मी गेल्या पावसाळ्यापासून ठेवायला लागलोय. तिथे एक ओळखीचे गुरुजी आहेत. पुलावर पाणी आलं की ते मला तारीख आणि वेळ कळवतात, मी त्याच्या आदल्या दिवशीचा अंदाज शेजारी लिहितो. एका पावसाळ्यावरून काही म्हणता येणार नाही.

दुकानातही आता मी वेगळी पद्धत ठेवली आहे. परवानगी घेऊन त्या कार्यालयातून मी दहा हजार फोटोंचा एक फोल्डर आणला, वाघाचे बावीस, बाकी चितळ, गुरं आणि गवत. माणसांचे सगळे आधीच काढून टाकलेले. नवं वर्कस्टेशन जोडलं की एसी बंद करतो, शटर अर्धं ओढतो, आणि दुपारी दोन वाजता तो फोल्डर त्यावर लावतो. सलग तीन वेळा. तिसऱ्या वेळचा आकडाच वहीत लिहितो, शेजारी खोलीचं तापमान. गिऱ्हाइकं हसतात. परवा एकानं विचारलं, "भाऊ, यात स्कोअर कुठं आहे?" मी वही त्याच्यापुढे सरकवली. तीन तास अकरा मिनिटं, खोली ४१ अंश, बावीसपैकी एकवीस वाघ.

बाविसावा फोटो मी त्याला मोठा करून दाखवला. गवतात नुसता कान दिसतो. आजवर एकाही मशीनला तो सापडलेला नाही.